चार आण्याचा पक्षी

मी आणि ताई कोस्टारिकाच्या ज्या भागात गेलो होतो, तो जवळजवळ आपल्या कोचीच्या अक्षांशावर येतो. तिथं माणसं थंडीनं गारठून मेली, आणि इतकी मेली की डोंगराला ‘सेरो दे ला मुएर्ते’, मृत्यूचा डोंगर, असंच नाव पडलं, हे काही ताईला पटेना. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायची तिला सवय नाही. नकाशावर बोट ठेवून तिनं खात्री करून घेतली आणि गाडी तीन हजार मीटरच्या वर गेली तेव्हा निमूटपणे दुसरा स्वेटर अंगात चढवला.

सान होसेहून निघून कार्तागो मागं टाकलं की पॅन-अमेरिकन महामार्ग चढायला लागतो. हा रस्ता नव्हता तेव्हा दक्षिणेकडच्या एल हेनेराल खोऱ्यातली माणसं आपला माल विकायला हा डोंगर पायी ओलांडत. खोरं उबदार, कपडे तिथल्या हवेचे, आणि वर आलं की पाऊस, वारा, धुकं, त्यात रात्र. वाटेत निवारे बांधले गेले ते या मरणांमुळे. ओहो दे आग्वा इथला लाकडी निवारा आजही रस्त्याच्या कडेला उभा आहे. आम्ही आत डोकावलो. फळ्यांच्या फटींतून वारा येत होता. इथं रात्र काढायला मिळाली तर माणूस स्वतःला भाग्यवान समजत असेल, यावरून बाहेर काय परिस्थिती असेल ते कळतं.

शेजारच्या सोदात, म्हणजे तिथल्या घरगुती खाणावळीत, आग्वा दुल्से मिळालं. उसाच्या रसाची ढेप गरम पाण्यात विरघळवून देतात. गुळाचं पाणी. आपल्याकडं उन्हातून आलेल्याला गूळपाणी, इथं थंडीतून आलेल्याला. ताईनं दुसरा कप मागितला आणि आमच्या वाटाड्याला विचारलं, “तो तुमचा पक्षी अशा थंडीत नेमका काय म्हणून राहतो?”

तो पक्षी म्हणजे व्होल्कॅनो हमिंगबर्ड. शास्त्रीय नाव सेलास्फोरस फ्लॅम्युला. कोस्टारिकाच्या उंच डोंगरांवर आणि त्याला लागून असलेल्या पश्चिम पनामात तो सापडतो, जगात इतर कुठंही नाही. साधारण साडेअठराशे-दोन हजार मीटरच्या खाली तो वस्ती करत नाही. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राचं सगळ्यात उंच शिखर जिथं संपतं, त्याच्याही वर याचं जग सुरू होतं. मी त्याच्यासाठी आले होते, ताई फुलांसाठी. वाटाड्याला दोघींची एकदम सोय लावायची होती, आणि त्याला त्यात काहीच अवघड वाटत नव्हतं.

हमिंगबर्डबद्दल आपल्याकडं एक गोड गैरसमज आहे. पुण्यात दर पावसाळ्यानंतर कुणीतरी मला व्हिडिओ पाठवतं: “बघ, आमच्या बाल्कनीत हमिंगबर्ड!” असतो तो पतंग. फुलापुढं तरंगत लांब सोंड आत घालणारा, हॉक मॉथ. किंवा मग शिंजीर, म्हणजे सनबर्ड, जो आपल्या जास्वंदीवर येतो. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच आहेत, तीनशे साठहून अधिक जाती, आणि त्यांतल्या पन्नासेक या चिमुकल्या कोस्टारिकात. (फार पूर्वी ते युरोपातही होते, जर्मनीत त्यांचे सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले आहेत. पण ती भाऊबंदकी संपली.) शिंजीर आणि हमिंगबर्ड यांचं नातं लांबचंही म्हणता येणार नाही इतकं लांबचं आहे. दोघं मध पितात म्हणून सारखे दिसायला लागले, एवढंच. हमिंगबर्डचं जवळचं नातं आहे ते पाकोळीशी, जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या कमानींखाली घरटी करते त्या पाकोळीशी. पंखांची ठेवण पाहिली की ते पटतं. शिंजीर बहुतेक वेळा फांदीला धरून फुलाकडं वाकतो. हमिंगबर्डचे पंख खाली जाताना तर भार उचलतातच, वर येतानाही थोडा उचलतात. २००५ मध्ये झालेल्या मोजणीनुसार सुमारे तीन चतुर्थांश भार खालच्या झटक्यात आणि एक चतुर्थांश वरच्या. म्हणून तो हवेत खुंटीला टांगल्यासारखा थांबतो आणि मागंही उडू शकतो.

वाटेत एका लॉजच्या अंगणात साखरपाण्याच्या बाटल्या टांगलेल्या होत्या. तिथं गर्दी होती, पक्ष्यांची आणि कॅमेऱ्यांचीही. पांतेर्पे इन्सिग्निस, इंग्रजीत फायरी-थ्रोटेड, हा इथला दादा. साध्या उजेडात गडद हिरवा, पण वरून पाहिला आणि उजेड बरोबर पडला की गळ्यावर तांबडा, नारिंगी, पिवळा आणि कडेला निळा असे रंग एकात एक पेटतात. लोक वेड्यासारखे फोटो काढत होते. ते योग्यच होतं, मीही काढले. पण या अंगणात आमचा पक्षी नव्हता. वाटाड्या म्हणाला, तो इथं येतो कधीमधी, पण टिकत नाही. मोठे त्याला उभं करत नाहीत. पांतेर्पे याच्या दुप्पट वजनाचा. बाटलीवर बसायला जागा, पाण्याला तोटा नाही, तरी भांडण सतत चालू. भांडायचं कशासाठी हे त्यांना आठवत असेल असं वाटलं नाही.

महामार्गावरून एक फाटा दूरसंचार मनोऱ्यांकडं चढतो. माथा ३४९१ मीटर. तिथं झाडं संपतात. खाली उतारांवर ओकचं प्रचंड जंगल, शेवाळानं आणि ब्रोमेलियांनी लगडलेलं. वर मात्र गुडघाभर, फार तर छातीभर झुडपं, बुटका डोंगरी बांबू आणि ओलसर काळी माती. याला पारामो म्हणतात. हे खरं तर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचं गवताळ-झुडुपी रान. त्याचे थोडे तुकडे इतक्या उत्तरेला, या डोंगरमाथ्यांवर आहेत. ताई गुडघे टेकून बसली ती उठेना. ब्लूबेरीच्या कुळातली झुडपं, हायपेरिकमची पिवळी फुलं, कॅस्टिलेजा, लहान गुलाबी फ्युशिया, आणि दलदलीच्या कडेला पुया, अननसाच्या कुळातली काटेरी पानांची चकती. “पानं बघ,” ती म्हणाली, “सगळ्यांची जाड, बारीक, लोकर लावलेली. दुपारी ऊन जाळतं, रात्री थंडी जाळते.” मला धाप लागली होती, डोकं जरा ठणकत होतं, मी पानांकडं बघितल्यासारखं केलं.

मग एक बारीक, लांबलचक शीळ आली. कानाच्या वरच्या टोकाला जेमतेम लागेल अशी, शेवटाला खाली घसरणारी. वाटाड्यानं बोट केलं. एका वाळक्या काटकीच्या टोकावर काहीतरी होतं. दुर्बीण लावेपर्यंत मी त्याला पान समजत होते.

साडेसात सेंटिमीटर, आणि त्यात चोच आली, शेपूट आली. नर अडीच ग्रॅमचा, मादी २.८ ग्रॅमची. आपल्याकडची चार आण्याची शेवटची पोलादी नाणी आठवत असतील. २०११ मध्ये ती बंद झाली. मादीचं वजन बरोबर तेवढं. त्या नाण्याला बाजारात मरेपर्यंत कुणी विचारलं नाही, आणि इथं तेवढ्या वजनात हृदय, फुप्फुसं, डोळे, पंखांचे स्नायू, घरटं बांधायची अक्कल आणि वर पाहुण्यांवर धावून जाण्याचा माज, एवढं सगळं बसवलेलं.

पाठ कांस्यवर्णी हिरवी, पोट मळकट पांढरं, कुशी तांबूस, शेपटीत काळा आणि तांबूस यांची वाटणी. चोच आखूड, सरळ, काळी. गळा? मी गळ्याची वाट बघत होते. नराच्या गळ्यावर चकाकता पट्टा असतो आणि पुस्तकांतली चित्रं त्याच्याच जिवावर विकली जातात. त्यानं मान वळवली. काळपट. पुन्हा वळवली, ऊन सरळ पडलं, आणि तो राखी जांभळा झाला, कडेला किंचित हिरवट. ढगाळ दिवशीच्या जांभळासारखा म्हणणार होते, पण तेही जास्त होईल. अंगणातल्या त्या दादापुढं हा गळा कुणाला दाखवायच्या लायकीचा नव्हता.

वाटाड्याला माझा चेहरा वाचता आला. “तालामांका पर्वतातले असेच,” तो म्हणाला. “इराझूवरचे वेगळे. पोआसवरचे त्याहून वेगळे.” ते पुढं येईलच.

तो गळा पिसांत रंगद्रव्य असल्यामुळं चमकत नाही. हमिंगबर्डच्या पिसांत अतिसूक्ष्म चपट्या चकत्यांचे थर असतात, आत हवेच्या पोकळ्या असलेल्या. थरांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि एखादाच रंग बळकट होऊन बाहेर पडतो, तोही ठरावीक दिशेनं. म्हणून मान हलली की गळा विझतो आणि पेटतो. ज्याला दाखवायचा त्यालाच दाखवायची सोय.

त्या काटकीवर तो फार वेळ बसला नाही. खाली फ्युशियाचं एक झुडूप होतं, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची फुलं. तो त्यांच्यापुढं टांगला गेला, एक फूल, दुसरं, तिसरं, मग पलीकडच्या कॅस्टिलेजावर. नंतर ब्लूबेरीच्या कुळातल्या झुडपाच्या घंटेसारख्या फुलांवर, जी वास्तविक भुंग्यांसाठी असतात. आणि मग तो एका लांब नळीच्या लाल फुलापाशी गेला. ताईनं श्वास रोखला. “याची चोच पुरणार नाही आत.” पुरणारच नव्हती. त्यानं फुलाच्या तोंडाकडं पाहिलंही नाही. नळीच्या बुडाशी, देठाजवळ, एक भोक होतं. त्यातून त्यानं जीभ घातली.

ते भोक दुसऱ्याचं काम. डिग्लोसा नावाचा एक राखाडी निळा पक्षी इथं आहे, वरची चोच आकड्यासारखी वाकलेली. त्या आकड्यानं तो फूल धरतो, खालच्या टोकदार चोचीनं भोसकतो आणि मध चोरतो. भुंगेही अशी भोकं पाडतात. आमचा छोटा पक्षी मागून येऊन त्याच भोकांवर उदरनिर्वाह करतो. परागकण वाहायचं जे भाडं फुलाला द्यायचं, ते कुणीच देत नाही. ताई भयंकर संतापली, झाडाच्या बाजूनं. शिकवताना तिनं आयुष्यभर फूल आणि पाखरू यांची गोड मैत्री वर्गाला सांगितली असणार. मला मात्र त्या क्षणी पक्षी आवडायला लागला. फिकट गळ्यानं जे केलं नाही ते या चोरीनं केलं.

त्याचा इथला सगळा संसार अशा उरल्यासुरल्यावर चालतो. घसघशीत मधाची, लांब नळीची फुलं पांतेर्पेसारख्या थोरांच्या ताब्यात. ते झुडपांवर हक्क सांगतात आणि राखण करतात. उरतात ती बारीक फुलं, एकेका फुलात थेंबाचाही तुकडा, विखुरलेली. सहा ग्रॅमच्या पक्ष्याला असल्या फुलांमागं उडणं परवडत नाही. उडण्यातच मिळकतीहून जास्त खर्च. अडीच ग्रॅमच्या पक्ष्याला परवडतं. लहान असणं हीच त्याची मिरासदारी. अर्थात, बरी फुलं सापडली आणि थोर आसपास नसले तर हाही उघड्या फांदीवर बसून जहागीर सांगतो आणि जो येईल त्याच्यावर झेपावतो. गरिबीनं स्वभाव मवाळ होतो असं काही नाही. मधाच्या जोडीला तो बारीक किडे, कोळीही टिपतो. नुसत्या साखरेवर पिसं आणि अंडी तयार होत नाहीत.

फुलांतल्या मधाला आणखी एक वाटेकरी आहे आणि त्याच्यासाठी मी ताईला आणखी एक तास त्या वाऱ्यात थांबवलं असतं. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉलवेल यांनी याच डोंगरावर काम केलं. १९७३ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, फुलं, हमिंगबर्ड, डिग्लोसा आणि माइट यांच्याबद्दल. माइट म्हणजे शेतकरी ज्या किडीला कोळी म्हणतात तिचे भाऊबंद, टाचणीच्या टोकाहून बारीक. ते फुलाच्या आत राहतात, मध पितात, पराग खातात, तिथंच संसार मांडतात. पण फूल दोन-चार दिवसांत गळणार. चालत दुसऱ्या झाडापर्यंत जाणं त्यांच्या आवाक्यात नाही. मग? हमिंगबर्डची चोच आत आली की क्षणभरात ते चोचीवरून धावत जाऊन त्याच्या नाकपुड्यांत शिरतात. पक्षी पुढच्या फुलाकडं. प्रत्येक जातीच्या माइटचं आपलं ठरावीक फूल. दुसऱ्याच्या स्टेशनवर उतरायचं नाही. वासावरून ते ओळखतात, आणि आपलं फूल आलं की पक्षी मध पीत असतो तेवढ्यात चोचीवरून खाली पळतात. एक माइट तर कॉलवेल यांच्या नावानंच ओळखला जातो, राइनोसियस कॉलवेली. माणसाचं नाव मिळालं ते पक्ष्याच्या नाकातून फिरणाऱ्या किड्याला, आणि मला वाटतं त्यांना त्याचा अभिमानच असेल.

दुपारी दोनच्या सुमारास ढग चढले. या डोंगराचा हा नेम. पॅसिफिककडून वा कॅरिबियनकडून, कुठून तरी ढग येतातच. मनोरे दिसेनासे झाले. आम्ही गाडीत बसलो आणि सान हेरार्दो दे दोता नावाच्या खोऱ्यात उतरलो, साव्हेग्रे नदीच्या काठी, सुमारे बावीसशे मीटरवर. इथं जग येतं ते केत्साल या पक्ष्यासाठी. पहाटे रानटी अव्होकाडोच्या झाडाखाली माणसांचा घोळका, एक नर, लांबलचक हिरवी शेपूट. सुंदर आहेच. त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

रात्री ताईनं पुन्हा तोच प्रश्न काढला. दोन पांघरुणं घेऊनही पाय गार होते. वर माथ्यावर पाणी गोठायच्या आसपास पारा असणार, आणि तिथं अडीच ग्रॅमचं शरीर. जितकं शरीर लहान तितकी आतल्या मांसाच्या मानानं कातडी जास्त, म्हणजे उष्णता लवकर निघून जाणार; आणि रात्रभर खायला काही नाही. हमिंगबर्ड यावर जो उपाय करतात तो आपल्याला जमत नाही: ते शरीर विझवून ठेवतात. तापमान उतरू देतात, हृदयाचे ठोके शेकड्यांवरून काही डझनांवर आणतात, श्वास तुटक होतो. पेरूच्या अँडीजमधल्या एका हमिंगबर्डचं तापमान रात्री ३.२६ अंश सेल्सिअसपर्यंत खाली गेलेलं मोजलं, २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. पहाटे पंखांचे स्नायू थरथरवून पक्षी पुन्हा तापतो. त्याला काही मिनिटं लागतात आणि उरलेल्या चरबीचा चांगलाच हिस्सा. हिशेब चुकला तर तो जागा होत नाही. “रोज रात्री थोडं मरायचं,” मी म्हटलं. ताई म्हणाली, “मरायचं बिरायचं काही नाही, वीजबिल वाचवायचं,” आणि दिवा मालवला.

खोऱ्यात आमच्या पक्ष्याचा एक सख्खा भाऊही भेटतो, सेलास्फोरस सिंटिला. वजनानं आणखी कमी, गळा झगझगीत नारिंगी-तांबडा. तो खालच्या उतारांवर राहतो, कॉफीच्या मळ्यांच्या आणि बागांच्या आसपास, आमचा वर. दोघांच्या सीमा इथं एकमेकींना टेकतात. सिंटिलाचा नर उडताना पंखांतून किणकिणाट करतो, त्यामुळं तो दिसण्याआधी ऐकू येतो. वरचा नर तसा आवाज करत नाही. पण मादीपुढं दिखावा करायचा तेव्हा दोघंही उंच चढतात, सरळ खाली सूर मारतात आणि तिच्या डोक्यावरून वळण घेऊन वर जातात. त्या वळणावर एक तीव्र आवाज होतो. घशातून येतो असं पूर्वी पुष्कळांना वाटे. ख्रिस्तोफर क्लार्क या संशोधकानं याच घराण्यातल्या पक्ष्यांवर दाखवलं की वेगानं जाताना शेपटीची पिसं हवेत फडफडतात आणि तीच वाजतात. शेपटीनं गाणारा पक्षी. आम्हाला त्या सुरांपैकी एकच पाहायला मिळाला, उताराच्या कुंपणापाशी, आणि तोसुद्धा अर्धा. मादी मधेच उठून निघून गेली.

मादी बाकी काम एकटी करते. कोळ्याच्या जाळ्याचे धागे, म्हाताऱ्या उडतात तसला कापूस, यांची वाटी विणते. बाहेरून शेवाळ आणि दगडफूल चिकटवते. जमिनीपासून एक ते पाच मीटरवर, एखाद्या झुडपात किंवा दरडीवर लोंबणाऱ्या मुळीला. पांढरी दोन अंडी. पंधरा ते एकोणीस दिवस उबवायची, पिल्लं उडायला आणखी वीस ते सव्वीस दिवस. नराचा यात काडीचा सहभाग नाही, तो काटकीवर बसून शीळ घालतो. वाटाड्यानं रस्त्याकडेच्या दरडीत एक घरटं लांबून दाखवलं आणि आम्हाला गाडीतून उतरू दिलं नाही. मला दिसला तो दगडफुलाचा एक फुगवटा आणि त्यातून बाहेर आलेली चोच आणि शेपूट. मधला पक्षी घरट्यात बुडालेला.

यानंतर आम्ही कार्तागोला परतून इराझूवर गेलो. खालच्या उतारांवर बटाटे आणि कांदे, काळ्या राखेच्या मातीत. वर ३४३२ मीटरवर ज्वालामुखीचं उघडं तोंड. १९६३ ते १९६५ या काळात हा डोंगर सान होसे शहरावर राख ओतत होता. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी कोस्टारिकाच्या भेटीला आले तेही त्याच सुरुवातीच्या दिवसांत. आता विवराच्या कठड्यापाशी शाळेच्या सहली येतात आणि पिवळ्या डोळ्यांचे जंको पक्षी गाड्यांच्या चाकांमध्ये डब्यातलं सांडलेलं टिपत फिरतात. राखेच्या मैदानाच्या कडेला झुडपांत आमचा पक्षी होता. तोच आकार, तीच शीळ, तीच चोच. गळा मात्र स्वच्छ जांभळा.

इराझूच्या कठड्यावरून सकाळी, ढग येण्याआधी, दक्षिणेकडं तालामांकाची रांग दिसते. मधे कार्तागोचं खोरं, चौदाशे मीटरच्या आसपास. आपल्याला गाडीनं अगदी सहज ओलांडता येणारं. पण जो पक्षी साधारण दोन हजार मीटरच्या खाली वस्ती करत नाही त्याच्यासाठी ते खोरं म्हणजे समुद्र आणि दोन्ही डोंगर ही बेटं. पश्चिमेला पोआस आणि बार्व्हा हे तिसरं बेट. तिथला गळा गुलाबी-लाल. ओस्बर्ट साल्विन या इंग्रज पक्षितज्ज्ञानं १८६५ मध्ये या जातीचं वर्णन केलं, आणि पुढं बराच काळ गळ्याच्या रंगांवरून तीन वेगळ्या जाती मानल्या जात. गॅरी स्टाइल्स यांनी १९८३ मध्ये सगळ्यांचा नीट अभ्यास करून त्या एकाच जातीत आणल्या, तीन उपजाती म्हणून. मला एक गोष्ट राहून राहून गंमतीची वाटते. माद्यांचे गळे तिन्ही डोंगरांवर पांढरे, बारीक करडे ठिपके असलेले, एकीला दुसरीपासून ओळखणं अवघड. वेगळे झाले ते नर. आणि दिखावा बघून पसंत-नापसंत करायचं काम माद्यांचं. कोणत्या डोंगरावर कोणता रंग चालेल हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ठरवत आणलं असेल का? ताईचं मत, पुराव्याशिवाय बोलू नये. पण तालामांकाच्या माद्यांना राखी जांभळा पसंत पडावा, हे तिलाही आवडलेलं दिसलं.

पोआसवर आगाऊ वेळ ठरवून जावं लागलं. २०१७ च्या स्फोटानंतर ते बंद होतं, मग पुढच्या वर्षी अटी घालून उघडलं: डोक्यावर हेल्मेट, विवरापाशी वीस मिनिटं. आमची वीस मिनिटं पांढऱ्या भिंतीकडं बघण्यात गेली. गंधकाचा वास तेवढा आला. पायवाटेच्या कडेला छत्रीएवढ्या पानांच्या गुन्नेरांमधून एक मादी गेली, आणि ती कोणत्या डोंगराची हे मला सांगता येतं ते फक्त मी कुठं उभी होते ते आठवतं म्हणून.

उतरताना रस्त्यावर स्ट्रॉबेरीच्या टपऱ्या लागतात. एका टपरीच्या मागं फ्युशियाचं कुंपण होतं आणि वर विजेची तार. तारेवर नर. त्यानं आमच्याकडं मान वळवली आणि गळा असा पेटला की ताईच्या हातातले सुटे पैसे तसेच राहिले. टपरीवाल्या बाईंना आमच्या तोंडाचा आ वासलेला बघून हसू आलं. “तो होय? तो रोजच असतो,” वाटाड्यानं त्यांचं बोलणं समजावून सांगितलं, “आणि फार भांडखोर आहे. माझ्या गिऱ्हाइकांनासुद्धा सोडत नाही.” तेवढ्यात कुंपणावर एक जाडा भुंगा आला. नर तारेवरून सुटला, भुंग्याला कुंपणाच्या टोकापर्यंत हाकलून आला आणि परत जागेवर. ताईनं स्ट्रॉबेरी घेतल्या, महाबळेश्वरच्या जास्त गोड असतात असं मराठीत जाहीर केलं, आणि गाडी निघेपर्यंत निम्मा खोका संपवला.